चौदा आणे दौलत्या, म्हणजे हरबाशेट कासाराची हकीकत

श्रीशारदेस नमन, श्रीगजाननास नमन, आणि जे हें वाचतील त्यांच्या धीरासही नमन. लिहिणार हा सदरेवरचा साधा कारकून. नांव सांगण्याजोगें नाहीं. जें डोळां पाहिलें आणि या हातानें लिहिलें तेंच येथें मांडिलें आहे.

राज्यशक एकशें सत्तेचाळीस, खर नाम संवत्सर, चैत्र मासीं घाटांत मोठा दरोडा पडला. दौलत्या म्हणोन एक दरोडेखोर चाळीस माणसांनिशीं उतरला, आणि सरकारी धान्याचें कोठार फोडिलें, आणि दोघे पहारेकरी जिवें मारिले, आणि आला तैसा रानांत गडप जाहला. मग रयत घाबरी जाहली, बाजार उन्हें उतरायच्या आंत उठूं लागला, आणि लेकी माहेरीं जाईनाशा जाहल्या. मग महाराजांनीं प्रधानजींस बोलावून आज्ञा केली कीं, रयतेस निर्धास्त वाटे ऐसें कांहीं करावें. प्रधानजी विचारांत पडले, तों केदारपंत यंत्रकर दरबारीं हजर जाहले. हे केदारपंत वयानें तीस, बुद्धीनें तीव्र, बोलण्यांत नम्र, आणि लबाडी अंगीं बिलकूल नाहीं. हें येथेंच लिहून ठेवितों, कारण पुढें लोक नाहीं नाहीं तें बोलिले. त्यांनीं पितळेची एक पेटी आणिली होती, तीस पुढें भिंग, वर घंटा, बाजूस एक कांटा, आणि खालीं नांव उमटण्याची पाटी. पंत बोलिले, "महाराज, या पेटीस चोरांच्या तसबिरी दाखवाव्या आणि पेटी दरवाजावर ठेवावी. येणाराजाणाराचें तोंड ही पाहील आणि चोर दिसला तर घंटा वाजवील. खात्री किती, तें कांटा आण्यांत सांगेल. सोळा आणे म्हणजे पुरती खात्री." मग परीक्षा जाहली. प्रधानजींनीं स्वतः कांबळें पांघरिलें, तोंडास राख फासिली, आणि देवळापुढें भिकाऱ्यांत जाऊन बसले, आणि पेटीनें बारा जणांतून त्यांसच नेमकें काढिलें, पंधरा आणे. दरबारानें वाहवा केली. प्रधानजींनींही केली, परंतु सोंग चांगलें वठलें होतें ऐसें ते पुढें बरेच दिवस सांगत असत. मग पेटी गडाच्या पूर्व दरवाजावर बसविली, आणि दोन महिन्यांत अकरा चोर धरिले, ते खरेच चोर होते, आणि घर विसरून भटकणारी एक म्हातारी तिच्या लेकास परत मिळाली. यंत्रानें कोणाचें भलें केलें नाहीं ऐसें जो म्हणेल तो खोटें बोलेल.

आतां न्यायाधीश हरिहरशास्त्री यांनीं प्रधानजींस पुसिलें, "हें धरणें कोणत्या कायद्यानें?" प्रधानजी म्हणाले, "कायदा नाहीं." शास्त्री म्हणाले, "मग करावा." आणि आषाढांत पहिला कायदा जाहला. त्यांत लिहिलें जे, एक भिंग व एक घंटा असलेली पितळेची पेटी, तीस पुढील नियम लागू. त्याच्या नकला जाहल्या, मोहरा लागल्या, आणि गांवोगांव दवंडी फिरली, तों इकडे पितळ उन्हांत तापतें म्हणोन केदारपंतांनीं पेटी सागवानाची केली आणि भिंगें दोन बसविलीं. कोतवालांनीं कायदा वाचून पाहिला. पितळ नाहीं, भिंग एक नाहीं, सबब कायदा लागू नाहीं. मग भाद्रपदांत दुसरा कायदा जाहला, त्यांत भिंग असलेली कोणतीही वस्तु ऐसा व्यापक शब्द घातला. त्या शब्दानें सराफांचीं भिंगें जप्त जाहलीं, जोशीबोवांची चाळिशी जप्त जाहली, आणि राजमाता पोथी वाचीत होत्या त्यांच्याही दारीं शिपाई जाऊन अदबीनें उभा राहिला. तो कायदा तिसरे दिवशीं मागें घेतला. मग तिसऱ्या कायद्यासाठीं विद्वानांची सभा बसली, कीं जें यंत्र माणूस ओळखतें त्यास नियम लावावे, परंतु आधीं ओळखणें म्हणजे काय तें ठरवावें. सभा चार महिने चालली. एक पंडित म्हणाले, कुत्रें धन्यास ओळखतें, तर तें यंत्र काय? दुसरे म्हणाले, माझी आई माझ्या बायकोस पंधरा वर्षांत ओळखीत नाहीं, तर तीस माणूस म्हणावें कीं न म्हणावें? तें टिपून घेतलें. शेवटीं केदारपंतांस बोलावून पुसिलें, तों ते हात जोडून म्हणाले, "पेटी ओळखीतच नाहीं. ती अंदाज करिते." मग सभा उठली. आणि किती आण्यांच्या अंदाजावर माणूस धरावा, हें कोठेंच लिहिलें नव्हतें तें तैसेंच राहिलें. तेव्हां हरिहरशास्त्रींनीं तोड काढिली कीं, नवा कायदा होईतोंवर पेटीच्या कामीं जैसें थे राहावें, धरिला तो धरिलेला, सुटला तो सुटलेला. आणि प्रधानजींनीं त्याखालीं एक ओळ वाढविली कीं, घंटा वाजली असतां जो पहारेकरी माणूस सोडील त्याची चाकरी जाईल. तो हुकूम या लिहिणारानेंच लिहिला, आणि अक्षर वळणदार आलें म्हणोन शाबासकीही मिळाली.

पुढें पौष मासीं, संक्रांत चार दिवसांवर आली असतां, हरबाशेट कासार बांगड्यांचें ओझें पाठीवर घेऊन पूर्व दरवाजानें गडावर येत होते. वय पन्नास, अंग किरकोळ, चेहरा चारचौघांसारखा, परंतु हात ऐसे मऊ कीं बाईच्या हाताचीं हाडें आवळून लहान बांगडी चढविली तरी तिच्या डोळ्यांत पाणी येत नसे. गडावरच्या बायका त्यांस कासारमामा म्हणत. तों घंटा वाजली, आणि कांटा चौदा आण्यांवर जाऊन उभा राहिला, आणि पेटीच्या पाटीवर दौलत्याचें नांव उमटलें. हरबाशेट बाजूस सरले, कीं मागून कोणी चोर येत असेल त्यास वाट द्यावी. मागें कोणीच नव्हतें. मग पहाऱ्याचे हवालदार राणोजी पुढें आले, त्यांस हरबाशेटांनीं पुसिलें, "हवालदार, कोणासाठीं वाजते?"

"तुमच्यासाठीं, मामा."

"अहो, मी कासार. तुमच्या चिंगीच्या लग्नांत चुडा मीच भरिला."

"ठाऊक आहे."

"मग सोडा कीं."

राणोजी पेटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मामा, मी तुम्हांस सोळा आणे ओळखतों. पण माझ्या ओळखीला कांटा नाहीं." आणि त्यांनीं हरबाशेटांच्या हातांत दोर बांधिला. पाठीवरचें ओझें मात्र राणोजींनीं स्वतः उचलून कासारआळींत पोंचतें केलें, वाटेंत एक बांगडी फुटूं दिली नाहीं, आणि घरांत मामी रडतां रडतां काय बोलल्या तें खालीं मान घालून ऐकून घेतलें. इकडे कोतवालीच्या दफ्तरांत नोंद करणें आलें, त्यांत साक्षीदाराचें नांव लिहायची जागा असते, ती कोरी ठेवितां येत नाहीं. या लिहिणारानें तेथें लिहिलें, पूर्व दरवाजाची पेटी. लिहितांना लेखणी अडली नाहीं. अडायला हवी होती.

हरबाशेटांचें कुटुंब ठमाबाई, उंच, सांवळ्या, बोलण्यांत तुटक. त्या दुसरे दिवशीं राणोजींकडे गेल्या. राणोजी म्हणाले, घंटा वाजली. त्या कोतवालांकडे गेल्या. कोतवाल म्हणाले, आम्ही हुकुमाचे ताबेदार. मग त्या केदारपंतांच्या कारखान्यांत गेल्या, तेथें पंतांनीं त्यांस पाट दिला, पाणी दिलें, आणि ममतेनें सांगितलें, "बाई, पेटी मी केली हें खरें. पण ती कोठें ठेवावी, कोणास धरावें, हें सरकारचें. आणि तसबिरी पाहून काय शिकावें तें ती आपली आपण शिकते, त्यांत माझा हात नाहीं."

ठमाबाई म्हणाल्या, "लेकरूं वाया गेलं तर आई असं म्हणते का?"

पंतांनीं पाण्याचा तांब्या पुन्हां पुढें सरकविला, परंतु पाण्यानें माणूस सुटत नाहीं. मग त्या प्रधानजींकडे गेल्या. प्रधानजींनीं उठून नमस्कार केला आणि म्हणाले, कायद्याचा मसुदा विचारांत आहे. कोणीं त्यांस उद्धट बोललें नाहीं, कोणीं दारांतून हांकलिलें नाहीं, आणि ऐसे सहा महिने गेले. हरबाशेटांस तोंवर गडाखालच्या दगडाच्या खाणींत कामास लाविलें होतें, कारण दरोडेखोरास बसून खाऊं घालूं नये ऐसा जुना नियम होता आणि तो मात्र स्पष्ट होता. आश्विन मासीं खाणींत एक चिरा घसरला आणि हरबाशेटांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें त्याखालीं चेंगरलीं. वैद्यानें तीं काढून टाकिलीं. ठमाबाईंस हें कळलें तेव्हां त्या सदरेवर आल्या, न्यायाधीशांच्या पुढें दुपारपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या, आणि गेल्या. हरिहरशास्त्री त्या दिवशीं जेवले नाहींत ऐसें त्यांच्या घरून कळलें.

मग कार्तिकांत शास्त्री पालखी न घेतां खाणींत उतरले. हा लिहिणार सोबत होता. हरबाशेट डाव्या हातानें खडी भरीत होते, ते उठून उभे राहिले, आणि रीतीप्रमाणें नमस्कार केला, तो दोन बोटें उणा जाहला. शास्त्रींनीं विचारपूस केली. मग हरबाशेट म्हणाले, "शास्त्रीबोवा, एक विचारूं? माझ्या कागदावर जैसें थे असं लिहिलंय म्हणतात. म्हणजे काय हो?"

शास्त्री म्हणाले, "जें जसें होतें तें तसेंच ठेवायचें."

हरबाशेटांनीं उजवा हात वर धरिला आणि म्हणाले, "हा असा नव्हता."

रागानें म्हणाले नाहींत. एखादी नोंद चुकली असेल ती दाखवावी तैसें म्हणाले. शास्त्री तेथेंच एका चिऱ्यावर बसले. मग वर येऊन त्यांनीं मजकडून हुकूम लिहविला कीं, कायदा होवो अथवा न होवो, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस कासाराचा खटला भर सदरेवर चालेल, आणि कोतवाल, प्रधान आणि यंत्रकर यांनीं जातीनें हजर राहावें. प्रधानजींनीं निरोप पाठविला कीं, यास आधार काय? शास्त्रींनीं उलट निरोप धाडिला, "माझें वय साठ आहे, चाकरी गेली तर जावो."

खराच्या पुढील नंदन नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सदर भरली. महाराज पडद्याआड बसले. हरबाशेटांस आणिलें, आणि ठमाबाई पुढें जाहल्या. शास्त्रींनीं पुसिलें, "बाई, तुमचें म्हणणें काय?"

"आमच्या घरच्यांवर साक्ष कोणी दिली?"

"पेटीनें."

"मग तिला समोर आणा. आमच्या आळींत भांडण झालं तरी समोरासमोर होतं."

दरबारांत कुजबूज जाहली, परंतु शास्त्रींनीं मान हलविली, आणि चार भोयांनीं पेटी आणून सदरेच्या मधोमध ठेविली. साक्षीदारापुढें बेलभंडार ठेवितात तो रिवाज, म्हणोन पेटीपुढें बेल ठेविला आणि भंडार ठेविला. पेटी गप्प होती. मग शास्त्री म्हणाले, "साक्षीदारास शपथ घेणें प्राप्त आहे, आणि उलट विचारिलें तर उत्तर देणें प्राप्त आहे. पेटीच्या वतीनें बेलभंडार कोण उचलतो?" कोतवालांनीं प्रधानजींकडे पाहिलें. प्रधानजींनीं केदारपंतांकडे पाहिलें. केदारपंतांनीं पेटीकडे पाहिलें. कोणी उठेना. ऐसा वेळ गेला कीं भंडारावर एक माशी येऊन बसली आणि उडाली, तरी कोणी उठेना.

मग ठमाबाई म्हणाल्या, "शपथ घ्यायला आम्ही आहोंत," आणि दाराकडे वळून हांक मारिली. तों बायका आंत येऊं लागल्या, कासारआळीच्या, बाजारपेठेच्या, ब्राह्मणआळीच्या, आणि त्यांत राणोजी हवालदारांची चिंगीही होती. एकेक बाईनें पुढें यावें, बेल उचलावा, हात वर करून बांगड्या दाखवाव्या, आणि म्हणावें, या मामांनीं भरल्या, अमक्या साली, अमक्या सणाला, हे दौलत्या नव्हत. साठ बायकांची साक्ष जाहली, या लिहिणाराचा हात भरून आला. प्रधानजी हळूच म्हणाले, "ही माया आहे, पुरावा नव्हे. पेटीस लळा नसतो, म्हणोनच ती ठेविली." आणि खरें सांगणें तर सदरेवर पुष्कळांस तें बोलणें पटलें.

मग एकसष्टावी बाई आली ती मैनाबाई, सरकारी चितारी भानाजी यांचें कुटुंब. तिनें बेल उचलिला, परंतु बांगड्या न दाखवितां ती पेटीजवळच्या तसबिरीकडे गेली. दौलत्याची जी तसबीर पेटीस दाखविली होती ती ताडून पाहण्यासाठीं तेथें आणिली होती. मैनाबाईनें ती न्याहाळिली आणि म्हणाली, "अगंबाई. ही हनुवटी आमच्या ओसरीवरची."

शास्त्री म्हणाले, "उमजेल ऐसें सांगा."

"शास्त्रीबोवा, ज्या वाटसरानं दौलत्याला पाहिलं त्यानं आमच्या घरधन्यांना वर्णन सांगितलं. पण दरोडेखोरानं नाकापासून खालीं फडकं बांधलं होतं. कपाळ, डोळे सांगितले, खालचं कोण सांगणार? आणि सरकारांतून तगादा, कीं तसबीर उद्यांच पाहिजे. त्या दिवशीं कासारमामा ओसरीवर मला बांगड्या भरीत होते. हे समोर बसले होते. मामांचं तोंड बघून खालचा भाग पुरा केला. मी म्हटलंही, अहो, हें काय करतां? तर म्हणाले, हनुवट्या सगळ्यांच्या सारख्याच."

भानाजी चितारी सदरेवरच होते. त्यांनीं मान खालीं घातली, त्यांतच सर्व आलें. केदारपंत उठून तसबिरीपाशीं गेले, एकदां तिजकडे पाहिलें, एकदां हरबाशेटांकडे पाहिलें. म्हणाले, "पेटीनें बरोबर सांगितलें. ही तसबीर यांचीच आहे. तसबीर कोणी काढिली, कशी काढिली, हें पुसावें ऐसें मला कधीं सुचलेंच नाहीं." मग ते हरबाशेटांपुढें गुडघे टेकून बसले. हरबाशेट म्हणाले, "उठा पंत, चार लोक बघतायत."

मग शास्त्रींनीं निवाडा सांगितला कीं, हरबाशेट कासार निर्दोष, आतांच्या आतां सोडावे. आणि पुढें बोलिले, "आज मैनाबाई होती म्हणोन कळलें. उद्यां ती नसेल. तीनदां कायदा करूं म्हणालों आणि प्रत्येक वेळीं पेटी कशाची, तीस भिंगें किती, हेंच पाहत बसलों. जैसें थे हा शब्द माझा. त्या शब्दाखालीं या माणसाचीं बोटें गेलीं, हें दफ्तरीं माझ्या नांवें लिहावें." तें लिहिलें आहे. आणि त्याच दिवशीं महाराजांच्या संमतीनें कायदा जाहला, तो असा: यंत्रानें दाखविलें एवढ्यावर कोणास धरूं नये. जो धरील त्यानें आपलें नांव घालून लिहावें कीं, मी धरिलें, चुकल्यास जाब मी देईन. आणि जो यंत्र करील त्यानेंही आपलें नांव घालून लिहावें कीं, तें कशावरून शिकलें तें मी पाहिलें आहे. दुसरे दिवशींपासून पूर्व दरवाजावर घंटा पूर्वीसारखीच वाजत राहिली. पहिल्या आठवड्यांत एकोणीस वेळां वाजली. पहारेकरी प्रत्येक वेळीं वही उघडीत, माणसाकडे नीट पाहत, आणि बहुतेकदां वही मिटीत. दोघांस मात्र राणोजींनीं नांव घालून धरिलें, ते दौलत्याच्या टोळींतले निघाले. त्यांजकडून कळलें कीं, दौलत्या खर संवत्सरीं आश्विनांतच रानांत तापानें मेला होता, म्हणजे कासारास धरिलें त्याच्या तीन महिने अगोदर.

महाराजांनीं हरबाशेटांस वस्त्रें देऊं केलीं आणि म्हणाले, आणखी काय पाहिजे तें मागा. हरबाशेट म्हणाले, "पेटीला सांगा मला विसरायला." मग केदारपंतांस बोलाविलें. त्यांनीं दीड महिना खटपट केली, तसबीर जाळली, पेटी उघडली, पुन्हां जोडिली, आणि शेवटीं येऊन खरें तें सांगितलें कीं, शिकविणें मला येतें, विसरविणें येत नाहीं. मोडून टाकावी तर तिच्यासारख्या आतां पांच दरवाजांवर पांच आहेत आणि एकीचें शिकणें दुसरीस जातें. सबब हरबाशेट दरवाजांतून आले कीं घंटा वाजे. राणोजी वहींत लिहीत, ओळखीचा माणूस, जाब मी देईन, राणोजी. आणि मामांस जाऊं देत. महिन्यांत आठ वेळां लिहीत, पण एकदांही कंटाळले नाहींत.

तीन बोटांनीं बांगडी भरतां येत नाहीं. म्हणोन ठमाबाईंनीं धंदा हातीं घेतला. आधीं बांगड्या फार फुटत, एकदोघींच्या हातांस रक्तही आलें, परंतु बायकांनीं दुसरा कासार केला नाहीं. हरबाशेट शेजारीं बसत, बाईचा हात नुसता पाहून माप सांगत, आणि ठमाबाई भरीत. "आंगठा आंत घ्या, आंगठा," ऐसें ते सांगत आणि त्या "कळतं मला" म्हणत, आणि बांगडी चढे.

येणेंप्रमाणें मुखपारखी पेटीचा कायदा जाहला. कायदा करण्यास एक वर्ष आठ महिने लागले, मसुदे चार जाहले, एक कासार अकरा महिने खाणींत राहिला आणि त्याचीं दोन बोटें गेलीं. कायदा चांगला आहे ऐसें सर्व म्हणतात, आणि लिहिणाराचेंही मत तेंच. सांप्रत केदारपंतांनीं नवें यंत्र केलें आहे. हें तोंड पाहत नाहीं, माणसाची चाल पाहतें, आणि अजून ज्यानें कांहीं केलें नाहीं तो पुढें काय करील तें आण्यांत सांगतें. कायद्यांत जो धरील त्यानें नांव घालावें ऐसें आहे, परंतु हें यंत्र कोणास धरा म्हणत नाहीं. नुसतें सांगतें, आणि मग त्या माणसास कोणी काम देत नाहीं, घर देत नाहीं, मुलगी देत नाहीं. प्रधानजींनीं मसुदा करण्यास सभा नेमिली आहे. हरिहरशास्त्री गेल्या सालीं वारले. सभेचा कारकून म्हणोन या लिहिणाराची नेमणूक जाहली आहे, आणि पहिल्याच बैठकींत चाल म्हणजे काय यावर वाद सुरू जाहला, तेव्हां बैठक उठतांच मी कासारआळींत जाऊन सर्व वर्तमान ठमाबाईंस सांगितलें. त्या एका नव्या नवरीस चुडा भरीत होत्या. म्हणाल्या, "एवढा हात होऊं द्या. येत्येच मी."